बर्फाआधी उंचीचा विचार

मित्रमंडळींसोबत स्कीइंगसाठी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या ब्रेकेनरिजला जाणाऱ्यांना हातपाय मोडण्याची भीती असते. उंचीकडे मात्र दुर्लक्ष होते. डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईइतके उंच. ब्रेकेनरिज २,९०० मीटरवर आणि तिथली सर्वांत उंच स्की-लिफ्ट ३,९०० मीटरच्या वर जाते.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. पण दाब घटल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. पोहोचल्यावर ६ ते १२ तासांत डोकेदुखी, मळमळ, थकवा सुरू होऊ शकतो. सोबतचे हे प्रवासाच्या शिणावर किंवा रात्रीच्या मद्यावर ढकलतात. तिथेच फसगत होते.

पहिली रात्र डेन्व्हरला काढावी. सुरुवातीचे दोन दिवस मद्य, झोपेच्या गोळ्या आणि अतिश्रम टाळावेत. असिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. डोके दुखत असताना आणखी वर जाऊ नये.

बसल्या जागी धाप, सततचा खोकला, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही फुप्फुसात पाणी साचल्याची किंवा मेंदूला सूज आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता प्राणवायू मिळवावा आणि रुग्णाला खाली उतरवावे. आजारी मित्राला खोलीत एकटे झोपवून बाकीच्यांनी स्कीइंगला निघून जाऊ नये.