प्लॅटिनमची वेटोळी

जन्मात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं एका क्षणात दुखू लागलं, मान ताठली, उलट्या झाल्या, तर गोळी घेऊन पडून राहू नये. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तातडीनं गाठावं. मेंदूच्या बुडाशी असलेल्या धमनीवरचा फुगा फुटलेला असू शकतो.

सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा हा फुगा. धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथल्या कमकुवत भिंतीला तो येतो आणि बरेचदा जन्मभर गप्प बसतो. फुटला, की जागच्या जागी झालेली गुठळी भोक कसंबसं बुजवते. ती निसटली तर दुसरा रक्तस्राव आणखी जीवघेणा, आणि त्याची भीती पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त.

१९३७ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली. आजही कित्येक फुग्यांना क्लिपच योग्य. पण मला थक्क करते ती दुसरी वाट. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी घालायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती मानेतून वर थेट फुग्यात न्यायची आणि आत केसाएवढ्या प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी सोडायची.

वेटोळं आत नेणाऱ्या तारेपासून सुटं कसं करायचं? इटलीचे ग्वीदो गुल्येल्मी फुग्यात वीज सोडून रक्त गोठवू पाहत होते. प्रयोगात एकदा इलेक्ट्रोडचं टोकच गळून पडलं. दुसऱ्या कुणी त्याला बिघाड म्हटलं असतं. गुल्येल्मींना त्यात उत्तर दिसलं. वेटोळं पोलादी तारेला जोडायचं. जेमतेम १ मिलिअँपिअर वीज सोडली, की सांध्याजवळचं पोलाद रक्तात विरघळतं, प्लॅटिनमला काही होत नाही. १९९० मध्ये लॉस एंजेलिसला असं वेटोळं प्रथम रुग्णांसाठी वापरलं गेलं.

वेटोळ्यांत अडकून रक्त मंदावतं, गोठतं. मेंदूच्या धमनीत जी गुठळी झाली तर अर्धांगवायू होतो, तीच इथे मुद्दाम घडवायची, आणि तीही काही मिलिमीटरच्या जागेत! दोन्ही उपाय चालतील अशा २,१४३ रुग्णांच्या चाचणीत (२००२) वर्षअखेर मृत किंवा परावलंबी असणारे क्लिपच्या गटात शंभरात सुमारे ३१ होते, वेटोळ्यांच्या गटात २४.

फुगा बंद झाला तरी सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास धमन्या आकसू शकतात. म्हणून निमोडिपिनची गोळी २१ दिवस, दर चार तासांनी. मध्यरात्री रुग्णाला उठवणाऱ्या नर्सचा नातेवाइकांना राग येतो. पण ती वेळ तिनं चुकवता कामा नये.