उसने शब्द आणि चोख व्यवहार

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही पाऊस उघडण्याची वाट पाहत बसलो होतो. बेळगावहून जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारी एकीमागे एक उभ्या होत्या. त्यांपैकी एकीतून त्या दुकानासाठी साबणाची खोकी आली होती. परंतु दुकानदार माल उतरवून घेण्यास काही केल्या तयार होईनात. चालकाने पुढे केलेल्या कागदाच्या कोपऱ्यात ‘डुप्लिकेट’ हा शब्द ठळक छापलेला होता. “बिलच जर डुप्लिकेट, तर आतला माल कसला असेल हो?” असा त्यांचा रोकडा सवाल. चालक गोव्याचा, तो कोकणीत शपथा घेऊ लागला. हमाल कन्नडमध्ये आपल्या मजुरीची आठवण देऊ लागले. अखेरीस शेजारच्या दुकानातील हिशेबनीस येऊन त्याने उलगडा केला, तो असा : वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात; पहिली खरेदीदारासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी, तिसरी विकणाऱ्यासाठी; आणि त्यांतील दुसरीवर हा शब्द छापलेला असलाच पाहिजे. माल उतरला, परंतु तोवर तासभर वाया गेला होता आणि दोन खोकी भिजून त्यांचा लगदा झाला होता.

इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘दुसरी प्रत’ एवढाच. आमच्या बाजारात त्याचा अर्थ ‘नकली’ असा रूढ झाला आहे. दुकानदार अडाणी नव्हते, चालकही खोटा नव्हता. दोघांनी एकच शब्द उच्चारला आणि दोघांच्या मनात दोन निरनिराळ्या वस्तू उभ्या राहिल्या, एवढाच काय तो अपराध.

उसन्या इंग्रजी शब्दांच्या गैरवापराविषयी तक्रार करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आमचे एक शिक्षकस्नेही तर ‘एक लेडीज आली होती’ हे वाक्य कानी पडताच कपाळाला आठ्या घालतात. एकीला अनेकवचन कशाला, असे त्यांचे म्हणणे. ‘रिटर्न बॅक’ म्हणणाऱ्यास ते ‘परत परत कशाला?’ असे विचारतात. ‘एटीएम मशीन’ आणि ‘पिन नंबर’ ह्या जोड्यांत यंत्र व क्रमांक हे दोन-दोनदा येतात, हेही ते पदरमोड करून चहा पाजीत समजावून सांगतात. हल्लीच्या पत्रव्यवहारात ‘रिव्हर्ट करा’ असे लिहिण्याची चाल पडली आहे. लिहिणाऱ्यास ‘उत्तर द्या’ असे म्हणावयाचे असते, मूळ अर्थ मात्र ‘पूर्वस्थितीस परत जा’ असा आहे. उधारी फेडलेल्या गिऱ्हाइकास असे पत्र गेले तर त्याने काय समजावे, हा विनोद आमच्या स्नेह्यांचाच.

आम्हांस ह्या तक्रारी फारशा मनावर घ्याव्याशा वाटत नाहीत. शब्द परघरी गेला की तेथील चालीरीती उचलतोच. ‘काय सॅम्पल आहे!’ असे एखाद्या विक्षिप्त गृहस्थाविषयी आपण म्हणतो, तेव्हा इंग्रजाच्या स्वप्नातही नसलेला अर्थ आपण त्या शब्दास दिलेला असतो, आणि तो चांगलाच खुमासदार आहे. वाटेत चाक बदलण्याची वेळ आली की आपला चालक ‘स्टेपनी’ काढतो. वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट ह्या रस्त्याचे हे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एका कंपनीने मोटारीची जादा चाके विकावयास काढली. त्या रस्त्याचे नाव चाकास चिकटले, आणि ते चाक घरंगळत आमच्या घाटापर्यंत येऊन पोहोचले. त्यास आता परके कोण म्हणेल?

आणि परकेपणाचाच हिशेब मांडावयाचा तर निपाणीची अर्धी पेठ रिकामी करावी लागेल. ‘तंबाखू’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. ‘काजू’ही त्यांच्याच गलबतातून उतरला. ज्या ‘लिलावा’वर आमच्या कित्येक घराण्यांची भरभराट झाली तो शब्दही पोर्तुगीजच. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला ‘राजव्यवहारकोश’ रचला गेला आणि फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविले गेले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द अंगवळणी पाडले. दोन्ही प्रयत्नांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि जमा, वसूल, बाकी, दलाल हे अरबी-फारसी शब्द व्यापाऱ्यांच्या चोपडीतून कोणासच हलविता आले नाहीत, ह्याचीही नोंद घेतली पाहिजे.

तेव्हा आमची तक्रार शब्द परका असल्याबद्दल नाही. शब्दाची जबाबदारी घेणारा कोणी नसल्याबद्दल आहे. आमच्या सीमाभागात ही अडचण अधिक जाणवते. दुकानाचे मालक मराठी, गुजराती अथवा मारवाडी बोलणारे, गिऱ्हाईक मराठी किंवा कन्नड, मोटारवाला कोकणी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून कचेरीची भाषा एक आणि कित्येकांच्या घरची दुसरी अशी स्थिती झाली. अशा ठिकाणी इंग्रजी शब्द मध्यस्थासारखा उपयोगी पडतो. तो कोणाच्याच घरचा नसल्याने कोणास त्याचा राग येत नाही. पण कोणाच्याच घरचा नसल्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याचा अधिकारही कोणास वाटत नाही. ‘क्रेडिट’ हाच शब्द पाहा. बँकेच्या पुस्तकात तो पैसे आल्याची खूण. दुकानात ‘क्रेडिटवर माल दिला’ म्हणजे पैसे न आल्याची. आमच्या चोपडीत ‘जमा’ आणि ‘उधारी’ ह्यांची अशी गल्लत कधी झालेली आम्हांस ठाऊक नाही. ‘एमआरपी’ हे पाकिटावरचे कमाल किरकोळ किंमतीचे बंधन. त्याहून अधिक घेणे गुन्हा, कमी घेण्यास कोणाची आडकाठी नाही. पण ‘एमआरपी म्हणजे सरकारी भाव’ असे गिऱ्हाइकास सांगणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत, आणि ते पटून निमूट पैसे मोजणारी गिऱ्हाइकेही.

ह्या सर्वांहून घातक शब्द मात्र ‘गॅरंटी’. दुकानात त्याचा अर्थ भरवसा. ‘माल गॅरंटीचा आहे’ म्हणजे बिघडणार नाही. कायद्यात मालाच्या गुणाविषयी दिलेल्या वचनास वेगळी नावे आहेत. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात ‘वॉरंटी’ हा शब्द आहे. आणि ‘गॅरंटी’? १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या १२६ व्या कलमात तिची व्याख्या आहे : दुसऱ्याने देणे चुकविले तर ते आपण फेडू, असे वचन. म्हणजे शुद्ध जामीनकी. पुढे १२८ व्या कलमात असे आहे की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच.

आमचे एक वडीलधारे आप्त काही वर्षांपूर्वी ह्या शब्दात सापडले. शेजारच्या एका व्यापाऱ्यास एका पतसंस्थेतून कर्ज घ्यावयाचे होते. “काका, गॅरंटरच्या जागी तुमची एक सही हवी, नुसती फॉर्मॅलिटी आहे,” असे त्यांस सांगण्यात आले. ‘फॉर्मॅलिटी’ हाही असाच एक निसरडा शब्द. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘जिला काही अर्थ नाही अशी गोष्ट’ असा झाला आहे, वास्तविक विधिपूर्वक केलेल्या गोष्टीसच कायदा किंमत देतो. काकांनी सही केली. कर्ज थकले, व्यापारी गाव सोडून गेला आणि नोटीस काकांच्या नावे आली. मुद्दल आणि व्याज फेडण्यास त्यांना चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत घरचे एक लग्न लांबणीवर पडले. आम्ही त्यांना एकदा विचारले, “काका, जामीन राहता का, असे विचारले असते तर?” ते म्हणाले, “तर चहा पाजून वाटेला लावले असते. आमच्या आजोबांनी जामीन राहून शेत घालविले होते. जामीन म्हणजे काय, ते आमच्या घरातल्या पोरालाही ठाऊक आहे. गॅरंटर म्हणजे तेच, हे मला कोणी सांगितले?”

काकांनी न वाचता सही केली, हा दोष त्यांचा होताच. तो ते नाकारीत नाहीत. पण घरात तीन पिढ्या जपलेले शहाणपण ‘जामीन’ ह्या शब्दात साठविलेले होते. शब्द बदलताच ते शहाणपण कुलूपबंद झाले.

आता दुसरा शब्द. हा लिहिताना आमचा हात किंचित अडखळतो, कारण स्मरणिका आपली आहे आणि वाचकही आपलेच आहेत. तो शब्द ‘एस्टिमेट’. त्याचा अर्थ अंदाजपत्रक. काम अथवा खरेदी होण्यापूर्वी खर्च किती येईल, ह्याची कल्पना देणारा कागद. परंतु माल तोलून झाला, पिशवीत भरला, पैसे मोजून गल्ल्यात पडले, आणि मग गिऱ्हाइकाच्या हाती जो कागद दिला त्याच्या माथ्यावर ‘एस्टिमेट’! झालेल्या व्यवहाराचा अंदाज कसला? सर्वांस ठाऊक आहे की तेथे ‘बिल’ हा शब्द यावयाचा होता आणि तो कोणत्या कारणाने आला नाही. येथे चूक भाषेची नाही. शब्दास जाणूनबुजून चुकीच्या कामास जुंपले आहे. गिऱ्हाइकाचेही ह्यात नुकसान आहे. माल सदोष निघाल्यास हाती असलेला कागद खरेदीचा पुरावा म्हणून पुढे करावा, तर त्यावर खरेदी झाल्याचेच लिहिलेले नाही.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ येतो, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. तो आपल्या समाजात सर्वांच्या परिचयाचा आहे. सत्यव्रताच्या अतिचारांतील ‘कूटलेखक्रिया’ मात्र प्रवचनात भराभर उरकली जाते. खोटा लेख करणे, असा तिचा साधा अर्थ. वजनांसाठी १९५६ साली कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरापासून टप्प्याटप्प्याने मण-शेर जाऊन किलोग्रॅम आले, निरीक्षक येऊन वजनांवर मोहोर उठवू लागले. शब्दांची तपासणी करणारा असा कोणी निरीक्षक नाही. ते काम व्रतावर सोडलेले आहे.

मग सीमेवर राहणाऱ्याने बोलावे तरी कोणत्या शब्दांत? ह्याचा विचार करताना आमच्या ध्यानी एक गंमत आली. ज्यास आपण ‘जामीन’ म्हणतो, त्यास कन्नड बांधव ‘जामीनु’ म्हणतात, आणि गुजरातीतही ‘जामीन’च म्हणतात. आपली ‘बाकी’ त्यांच्याकडेही ‘बाकी’. आपल्या ‘दलाला’ची त्यांच्याकडे ‘दल्लाळी’, आणि आपल्या ‘रोख’शी सख्य सांगणारा ‘रोक्क’ हा शब्द उत्तर कर्नाटकात पैशासाठी घरोघर चालतो. ज्यांना आपण मध्यस्थ म्हणून इंग्रजीत शोधीत आहोत ते शब्द दोन्हीं-तिन्हीं घरचे पूर्वीपासून होते! १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. तिच्या परिवारात मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते, आणि त्यांच्यातील देवघेव ‘गॅरंटर’वाचून अडली असेल, असे वाटत नाही.

काकांची गोष्ट तेथेच संपली नाही. गेल्या वर्षी त्यांच्या भाच्यास दुकानासाठी कर्ज हवे होते, म्हणून ते पुन्हा एका कर्जकचेरीत गेले. टेबलामागे एक तरुण कन्नड मुलगा होता. त्याने कागद पुढे सरकवून म्हटले, “अंकल, गॅरंटर, इथे सही.” काकांनी विचारले, “ह्याला तुमच्या घरी काय म्हणतात?” मुलगा क्षणभर गोंधळला; मग म्हणाला, “जामीनु.” काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तिन्ही पाने पहिल्यापासून वाचावयास घेतली. रक्कम किती, व्याज किती, हप्ता चुकल्यास काय, हे एकेक करून विचारले. मागे चार-पाच माणसे खोळंबली होती, त्यांच्याकडे त्यांनी पाहिले नाही. मग आपल्या नावापुढे, कंसात, देवनागरीत ‘जामीन’ असे लिहून त्यांनी सही केली.