अभ्यासदौऱ्याचा शेवटचा दिवस

परदेशातल्या विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे गट आशियातल्या शहरांत अभ्यासदौऱ्यावर येतात. मुंबईत आलेल्यांपैकी काही गट आमच्या नायगावच्या बीडीडी चाळींतही येतात. मी इथेच वाढलो. शाळेतली नोकरी संपल्यावर अशा गटांबरोबर दुभाषा म्हणून फिरू लागलो. पहिला दिवस ओळखीपाळखीत जातो, मधले दिवस मोजमापांत आणि मुलाखतींत. शेवटचा दिवस म्हणजे बॅगा भरणं, दादरला खरेदी आणि फोटो, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते मात्र दौऱ्याचं खरं मोल ठरतं ते याच दिवशी. कारण तो हिशेब देण्याचा दिवस असतो.

आता ही मुलं इथे काय पाहतात, ते सांगतो. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खातं निघालं. त्याची आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतल्या ४२ नायगावात. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर २० खोल्या, मध्ये लांबलचक पॅसेज, संडास सामाईक आणि खोली १६० चौरस फुटांची.

वस्तीत जाऊन शिकण्याची ही पद्धत मुंबईला नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे. शहराचा आराखडा आखण्यापूर्वी ते शहर पायी हिंडून पाहा, तिथली माणसं समजून घ्या, असा त्यांचा आग्रह असे. पुढे १९३६ साली क्लिफर्ड मॅन्शार्ड या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. वर्गातल्या शिक्षणाइतकंच वस्तीतल्या कामाला तिथे महत्त्व दिलं गेलं.

मग शेवटच्या दिवशी नेमकं काय व्हायला हवं? एका गटाचं उदाहरण देतो. त्या मुलांनी काढलेले खोल्यांचे नकाशे पॅसेजच्या भिंतीला चिकटवले आणि बिऱ्हाडकरूंना पाहायला बोलावलं. मोरी, ओटा, माळा, कपाट, सगळं इंचाइंचाने बरोबर होतं. शेजारच्या मावशींनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि मला म्हणाल्या, "सर, यांना विचारा, या खोलीत रात्री झोपतं कोण कुठे? ते नाही दिसत यात." मी ते इंग्रजीत सांगितलं. मुलं वह्या घेऊन पुन्हा बसली. खाटेवर आजोबा, खाटेखाली दोन मुलं, पॅसेजमध्ये थोरला. गिरण्या चालू होत्या तेव्हा रात्रपाळीचा माणूस सकाळी आला, की त्याच जागेवर त्याचं अंथरूण. एकाच खोलीचे दिवसाच्या वेळेप्रमाणे चार नकाशे झाले. भिंती मोजता येतात. पण घर कसं चालतं, हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही. दुरुस्तीची ही संधी शेवटच्या दिवशीच मिळते. विमानात बसल्यावर ती गेली.

दुसरी गोष्ट परतफेडीची. लोक आपला वेळ देतात, चहा देतात, घरातल्या अडचणी सांगतात. त्यातून कुणाला गुण मिळतात, कुणाला पदवी. वस्तीला काय मिळतं? मागे एका गटाने आमच्याकडून जुने फोटो नेले, ते परत दिसले नाहीत. म्हणून आता मी अट घालतो : जे काढाल, जे लिहाल, त्याची एक प्रत चाळीत ठेवून जा.

अर्थात परतफेडीला मर्यादा नाही. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई १९६६ साली फलटणला भाषेच्या अभ्यासासाठी आल्या. त्या तिथल्याच झाल्या, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि पुढे त्यांनी तिथे मुलांसाठी मराठी शाळा काढली. प्रत्येकाने असं राहून जावं, अशी अपेक्षा कोण करील? पण एक प्रत ठेवून जाणं कुणालाही जमेल.

आमच्यासाठी त्या प्रतीचं मोल आता वाढलं आहे. चाळी पाडून तिथे उंच इमारती बांधल्या जात आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मोठं घर कुणाला नको? पण १६० चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या कशा राहिल्या, हे नातवंडांना दाखवायला उद्या खोली नसेल; नकाशा असेल, तोही कुणी ठेवून गेलं असेल तरच.

तेव्हा तुमच्या दारी असे विद्यार्थी आले, तर त्यांना आत बोलवा, बोला, चहा पाजा. आणि पहिल्याच दिवशी विचारा, "शेवटच्या दिवशी आम्हाला काय दाखवणार?" हा प्रश्न त्यांच्याही अभ्यासाला उपयोगी पडेल.