टाकीतले पाणी फिरते ठेवा

ईद झाली, मुलांच्या हाती ईदी जमली, की आमच्या वर्गातली दोन-तीन मुले तरी घरी रंगीत मासे आणल्याची बातमी आनंदाने सांगतात. महिन्याभराने चौकशी करावी तर टाकी रिकामी झालेली असते. घरात कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते दुकानदाराने आजारीच मासे दिले. मूल बिचारे गप्प बसते. आम्ही अशा पालकांना एकच प्रश्न विचारतो: टाकीतले पाणी फिरत होते का? बहुतेक वेळा उत्तर मिळते, "पाणी तर स्वच्छ दिसत होते."

दिसायला स्वच्छ असलेले पाणीसुद्धा माशांचा जीव गुदमरवू शकते. म्हणून घरातल्या छोट्या टाकीत पाणी खेळते कसे ठेवावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ऑक्सिजन येतो वरून

मासे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतात. हा ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून, हवेतून आत उतरतो. पाणी स्थिर असेल तर वरच्या थराला तो मिळतो, तळाशी फार थोडा पोहोचतो. पाणी खालून वर, वरून खाली फिरत राहिले तरच सगळ्या टाकीला हवा मिळते.

त्यात आपला उन्हाळा. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. उष्म्यात माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. एप्रिल-मे महिन्यांत मासे पटापट दगावतात, त्यामागे हे एक मोठे कारण असते.

काचेचा गोल बाउल गळ्यापर्यंत भरला की हवेला भिडणारा पृष्ठभाग अगदी लहान होतो. तोच बाउल मध्यापर्यंत, जिथे तो सर्वांत रुंद आहे तिथपर्यंत भरला, तर फरक पडतो. तरीही उंच किंवा गोल भांड्यापेक्षा लांबट, पसरट टाकी केव्हाही चांगली.

एअर पंपाच्या बुडबुड्यांविषयीही एक गैरसमज आहे. बुडबुड्यांमधून थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडाच असतो. वर जाताना ते तळाचे पाणी सोबत उचलतात आणि पृष्ठभाग हलवतात, हे त्यांचे खरे काम. म्हणून बबल स्टोन शोभेसाठी मधल्या खोलीवर टांगू नये, तळाशी ठेवावा.

न दिसणारी घाण

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यांनाही ऑक्सिजन लागतो आणि घाण त्यांच्यापर्यंत वाहत यावी लागते. पाणी थांबले की हे काम मंदावते.

त्यामुळे स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलका पिळून परत बसवावा.

आपल्या टाकीचा हिशेब

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा व १००० ने भागावे. दीड फुटी टाकी साधारण ४५ × ३० × ३० सेंटिमीटर असते, म्हणजे सुमारे ४० लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ३५ लिटर पाणी धरावे. हे पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून गेले पाहिजे, असा साधा नियम आहे. म्हणजे तासाला १४० ते १७५ लिटरचा पंप लागतो. स्पंज भरत गेला की प्रवाह घटतो, म्हणून खोक्यावर २०० लिटर लिहिलेला पंप घ्यायला हरकत नाही. हा गुणाकार पाचवी-सहावीच्या मुलाकडून करून घ्यावा, घनफळाचा धडा घरीच होईल.

प्रवाहाची दिशा बदला

अनेकदा नवे काही विकत आणावे लागत नाही. फिल्टर चालू ठेवून चिमूटभर खाद्य बोटांनी चुरून पाण्यात सोडावे आणि कण कुठे जाऊन थांबतात ते पाहावे. जिथे ते साचतात तिथे पाणी फिरत नाही.

• फिल्टरचे तोंड टाकीच्या लांबीच्या दिशेने आणि किंचित वर वळवावे. पाणी समोरच्या काचेवर आदळून खालून परतते, वर बारीक लहरीही उठतात.

• मोठे दगड आणि शोभेच्या वस्तू काचेपासून दोन बोटे दूर ठेवाव्यात.

• पाण्यावर तेलकट साय दिसली तर पृष्ठभाग हलत नाही असे समजावे. कोरा कागद अलगद टेकवून ती उचलता येते, पण दिशा सुधारल्याशिवाय ती पुन्हा येईल.

• दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नव्या पाण्यात क्लोरीन काढणारे थेंब आधी टाकावेत.

जोर फार वाढवणेही बरे नाही. फायटर आणि लांब शेपटीचे गप्पी प्रवाहाशी झुंजून थकतात. त्यांच्या टाकीत एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सोयीचा, त्याचा प्रवाह सौम्य असतो. फायटर वर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो छोट्या बरणीत तग धरतो. पण अमोनियापासून त्याचीही सुटका नाही.

वीज गेली तर

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. वायर सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटात जाणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत. वीज बराच वेळ आली नाही तर खाद्य देऊ नये आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पेल्याने टाकीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतावे. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंपही मिळतो.

टाकीत वनस्पती असतील तर रात्री त्याही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. फजरला घर जागे होतेच. त्या वेळी मुलाला टाकीकडे एक नजर टाकायला सांगावे. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते भुकेले आहेत असे समजून खाद्य टाकू नये. आधी पंप चालू आहे का, स्पंज तुंबला आहे का, हे पाहावे. आणलेला मुका जीव आपल्याकडे अमानत आहे आणि तो बोलून तक्रार करू शकत नाही, एवढे मुलाला कळले तरी ईदीचे पैसे सत्कारणी लागले.