मनाचा ताप मोजताना
अंगातला ताप आपण तापमापकाने मोजतो. मनाचा ताप कसा मोजायचा?

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी विरारहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या बाईला ‘कसं वाटतंय?’ असे विचारले, तर ‘बरं आहे’ एवढेच उत्तर येण्याचा संभव अधिक. गाठ क्ष-किरणचित्रात दिसते. उडालेली झोप, केस गळाल्याचा संकोच, मुलांची काळजी तेथे दिसत नाही.

त्यासाठी ० ते १० आकड्यांची एक उभी पट्टी वापरतात. गेल्या आठवड्यातला त्रास रुग्णानेच तिच्यावर खूण करून दाखवायचा. ४ किंवा अधिक आकडा आला की पुढची विचारपूस करतात. जीवनमान जोखण्यासाठी कर्करोगाविषयीची ३० प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला २३ प्रश्नांची जोड दिलेली आहे. टाटा रुग्णालयातील संशोधकांनी तिची मराठी व हिंदी रूपे पडताळून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मात्र चाळणी म्हणजे निदान नव्हे. तापमापकाने ताप उतरत नाही. तसेच आकडा लिहून मन हलके होत नाही. त्यापुढे समुपदेशक हवा, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञही. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाची आई असे उपचार घेत असेल, तर ‘बरं आहे’ या उत्तरापाशी आपणही थांबू नये.