ड्राय बाल्कनीची आखणी

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून तीन-चार फूट रुंदीची जी जागा असते, ती ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीन, भांडी घासायचे सिंक, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, केरसुणी, बादल्या, कचऱ्याचे डबे आणि भरलेला सिलिंडर हे सगळे तिथेच ठेवायचे असते. वाड्यात यातली बरीच कामे मागच्या दारी होत. चाळीत ती मोरी आणि गॅलरी यांच्यात वाटली जात. फ्लॅटमध्ये ती 25-30 चौरस फुटांत उरकावी लागतात. तरीही घर सजवताना सगळे लक्ष किचन ट्रॉलीकडे जाते आणि ड्राय बाल्कनीत मशीन जिथे मावेल तिथे लोटले जाते. मग दार पूर्ण उघडत नाही, नळी नहाणीच्या, म्हणजे फरशीतल्या निचऱ्याच्या, जाळीवरून सुटते आणि साबणाचे पाणी स्वयंपाकघरात येते. जागा लहान असणे हे या त्रासाचे खरे कारण नसते. पाण्याची वाट ठरवण्याआधीच कपाटे ठरलेली असतात.

म्हणून आखणी जमिनीपासून सुरू करावी. ड्राय बाल्कनीची फरशी स्वयंपाकघरापेक्षा किमान इंच-दीड इंच खाली हवी किंवा दारात तेवढा उंबरा हवा. उतार नहाणीकडे आणि पुरेसा असावा. सात फूट लांबीला एक इंच हे लक्षात ठेवायला सोपे माप आहे. जुनी फरशी उखडली असेल तर नवी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यावे, नहाणीचे तोंड बंद करून इंच-दोन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहावे. ही परीक्षा कंत्राटदार घाईत टाळतो. ती टाळली तर गळतीचा वाद शेजाऱ्यांशी होतो आणि नव्या फरश्या पुन्हा फोडाव्या लागतात.

नहाणीच्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभे असते. गटारातला वास आणि झुरळे तेच अडवते. घर महिनाभर बंद राहिले की हे पाणी उडून जाते, म्हणून परतल्यावर आधी तांब्याभर पाणी नहाणीत ओतावे. ट्रॅपची जाळी हाताने निघणारी असावी आणि तिच्यावर कोणतेही कपाट किंवा मशीन येऊ देऊ नये. धुण्यातले तंतू तिथेच अडकतात आणि ती आठवड्याला साफ करावी लागते.

मशीनची वेस्ट पाइप नुसती जाळीवर टाकण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती चुकीची आहे. फ्रंट-लोड मशीनचा पंप पाणी जोरात फेकतो, तेवढे जाळीतून उतरत नाही. त्यासाठी दीड-दोन इंच व्यासाचा वेगळा उभा पाइप ट्रॅपला जोडून घ्यावा आणि नळीचे टोक जमिनीपासून दोन ते तीन फुटांवर त्यात अडकवावे. नळी जमिनीलगत राहिली तर सायफन होऊन पाणी भरतानाच वाहून जाते आणि मशीन पुन्हा पुन्हा पाणी घेत राहते. अनेक टॉप-लोड मशीनचा निचरा मात्र तळाकडून आपोआप होतो, त्यांना नळी खालीच लागते. त्यामुळे मशीन कोणते घ्यायचे हे प्लंबर येण्याआधी ठरलेले हवे.

आत येणाऱ्या पाण्याचाही विचार करावा लागतो. फ्रंट-लोड मशीनला साधारण 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम तीन-चार मीटर वर असते, म्हणजे दाब काठावर पास होतो. तिथे बसवण्याआधी तपासणी करावी, लागल्यास छोटा प्रेशर पंप धरावा. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असेल तर मशीनच्या हीटरवर क्षार साचतात. त्यासाठी फिल्टरला नळाजवळ हातभर जागा मोकळी सोडावी.

आता प्रत्यक्ष मांडणी. उदाहरणादाखल चार फूट रुंद आणि सात फूट लांब अशी ड्राय बाल्कनी घेऊ. स्वयंपाकघराचे दार लांब बाजूच्या मध्यावर आहे, समोर कठडा आणि ग्रिल आहे. फ्रंट-लोड मशीन लांब भिंतीला लावले तर दोन फूट त्यातच जातात. दार उघडल्यावर उभे राहायलाही जागा उरत नाही. तेच मशीन आखूड भिंतीला, तोंड लांबीच्या दिशेने करून ठेवले की समोर चार फूट मोकळे मिळतात. मशीन 24 इंच, दोन्ही बाजूंना थरथरीसाठी इंच-इंच, असे 26 इंच गेल्यावर त्याच भिंतीवर 22 इंच उरतात. तिथे सिंक बसते. मशीन स्वयंपाकघराच्या भिंतीकडे आणि सिंक कठड्याकडे ठेवावे, म्हणजे पावसाची झड मशीनवर येत नाही. दोन्हींचे नळ आणि निचरा एकाच भिंतीत आल्याने पाइपही कमी लागतात. मशीनमागे चार इंच सोडायचे, कारण नळी दुमडली की पाणी अडते. टॉप-लोड मशीनला समोर जागा कमी लागते, पण झाकण उघडल्यावर त्याची उंची साडेचार फुटांच्या आसपास जाते, म्हणून वरची फळी त्या हिशेबाने चढवावी. फ्रंट-लोडच्या आत वजनासाठी काँक्रीटचे ठोकळे असतात आणि मशीन 60-70 किलोचे भरते. ते सपाट फरशीवर, पाय नीट फिरवून समतोल करूनच ठेवावे.

सिंकची उंची हा दुर्लक्षित विषय आहे. भांडी घासणाऱ्या मावशी एका सकाळी चार-पाच घरे करतात. प्रत्येक घरात वाकून किंवा उकिडवे बसून घासायचे म्हणजे कंबर आणि गुडघे त्याची किंमत मोजतात. सिंकचा काठ 32 ते 34 इंचांवर, भांडे आपटणार नाही इतका खोल, शेजारी निथळायला जाळी आणि वर पुरेसा उजेड एवढे केले तरी काम बरेच हलके होते. ज्यांना बसूनच घासायची सवय आहे त्यांच्यासाठी खाली तीन बाय तीन फुटांची मोरी लागते. ती वरच्या मापात बसत नाही, तेव्हा सिंक सोडावे लागेल. हा निर्णय घरात जी व्यक्ती भांडी घासते तिला विचारून घ्यावा.

वीज आणि पाणी एका भिंतीत आले की अंतर महत्त्वाचे ठरते. पाणी तापवणारे मशीन दोन किलोवॉटच्या आसपास वीज घेते, त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, नळाच्या वर नव्हे तर बाजूला, झाकणासह असावे. अर्थिंग तपासलेले हवे आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवा. ओल्या हाताने स्विच दाबला जाण्याची शक्यता घरात याच जागेत सर्वाधिक असते, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

गॅसबाबत दोन वायूंचा स्वभाव वेगळा आहे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून 14.2 किलोचा सिलिंडर उभा, नहाणीपासून दूरच्या टोकाला ठेवावा आणि त्याभोवती कपाट केले तर त्याला तळाशी झरोके असावेत. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने वर चढतो, त्याच्यासाठी वरची हवा खेळती हवी. सर्वांत गंभीर प्रश्न गॅस गीझरचा आहे. तो उघड्या बाल्कनीत बसवलेला असतो, पुढे पावसासाठी सरकत्या काचा लागतात आणि गीझर नकळत बंद खोलीत येतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. काचा लावायच्या असतील तर गीझर इलेक्ट्रिक करावा. काचांसाठी सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते का, हेही आधी विचारावे.

पावसाळ्यात वाळवणे हे या जागेचे खरे काम. मशीनने 1000 फेऱ्यांच्या वेगाने पिळलेल्या सहा किलो कपड्यांत तीन लिटरच्या वर पाणी शिल्लक असते. ते हवेतच जायचे असते. हवा कोंडली तर कपड्यांना कुबट वास येतो आणि भिंतीला बुरशी धरते. छताला दोरीने वर-खाली होणारा सहा दांड्यांचा स्टँड या मापात चांगला बसतो. समोरासमोरच्या फळ्या आणि कपाट वगळून चार फुटी दांड्या घ्याव्यात. समुद्राजवळच्या घरांत साधे लोखंड गंजते, तिथे स्टेनलेस स्टील घ्यावे. ग्रिल अर्धे तरी मोकळे ठेवावे. कबुतरांची अडचण असेल तर काचेऐवजी जाळी लावावी, हवा चालू राहते. हवा तरीही येत नसेल तर कठड्याच्या वर एक्झॉस्ट फॅन बसवावा.

कपाटे यानंतर. समोरच्या आखूड भिंतीवर एक फूट खोल, जमिनीपासून सहा इंच वर उचललेला उभा कप्पा पुरतो. त्यात एका बाजूला साडेचार फुटी उभी जागा ठेवावी, केरसुणी आणि मॉप तिथे टांगून वाळतात. त्याच टोकाला सिलिंडर ठेवायचा झाल्यास झरोके पुन्हा तपासावेत. ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे दाराजवळ हवेत, कारण ते रोज बाहेर जातात. साबण, ब्लीच आणि फिनेल मुलांच्या हाताबाहेर वरच्या फळीवर ठेवावे. साधा प्लायवूड इथे फुगतो. कडप्पा, अॅल्युमिनियम किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचे बोर्ड) टिकते. फरशी खडबडीत अँटिस्किड घ्यावी.

काम सुरू होण्याआधी फरशीवर खडूने मशीन, सिंक, कप्पा आखून त्यात बादली घेऊन उभे राहून पाहावे. मापात न दिसलेली अडचण तिथे लगेच कळते. मशीनचा, सिंकचा आणि गीझरचा नळ वेगवेगळा बंद करता यावा, तिन्ही कॉक हात पोहोचेल अशा जागी हवेत. टाइल लागण्यापूर्वी भिंतीतल्या पाइपांचे फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवावेत आणि त्यांची एक प्रत मेन बोर्डाच्या दारावर आतून चिकटवावी. पुढे खिळा मारताना किंवा गळती शोधताना ती उपयोगी पडते.