मणक्याला इजा : डोकं ठणकलं तर आधी लघवीची नळी बघा

बांधकामावरून पडून मणक्याला मार लागलेली माणसं आम्हाला वस्त्यांत भेटतात. घाटीतून घरी आल्यावर घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर असेल, तर एक धोका कायम राहतो. त्याचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया.

लघवी तुंबली, शौचाला खडा झाला किंवा पाठीची जखम चिघळली, तरी रुग्णाला दुखत नाही. शरीराला मात्र ते कळतं. इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यांना सैल करण्याचा मेंदूचा निरोप खाली पोचत नाही आणि बीपी एकदम चढतं. डोकं ठणकतं, चेहरा तापतो, घाम सुटतो. हे ऊन लागणं नव्हे आणि ‘बाहेरचं’ तर नव्हेच.

अशा वेळी रुग्णाला आडवं करू नका. उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा. नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का, ते बघा. लगेच उतार पडला नाही तर 108 ला फोन करा. या रुग्णांचं वरचं बीपी एरवी 90 ते 110 च असतं. त्यांना 150 सुद्धा जास्त, हे डॉक्टरांना सांगा. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

घरातल्या शाळकरी पोरांनाही हे शिकवून ठेवा. दुपारी रुग्णाजवळ बहुधा तीच असतात.